पासष्ट इंच, पीएस ५ आणि आठ आठवडे

११ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी टीव्ही एकदाचा भिंतीवर गेला. मोजपट्टी हातात घेतली होती १६ ऑगस्टला. म्हणजे बरोब्बर आठ आठवडे. त्यातलं खरं काम जेमतेम चार-पाच दिवसांचं. बाकी वेळ थांबण्यात आणि एकदा खोकं दारातून परत पाठवण्यात गेला. मागणी साधी होती: पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) वरचे गेम आणि रात्रीचे सिनेमे, दोन्ही एकाच पडद्यावर. शिवाय दिवसभर त्याच पडद्यावर आईच्या बातम्या चालणार. ही तिसरी गोष्ट आधी कागदावर नव्हती, आणि शेवटी निवड तिनेच ठरवली.

पहिलं काम सोफ्यापासून. मान टेकते तिथून टीव्हीच्या काचेपर्यंतचं अंतर इंचात मोजायचं आणि १.६ ने भागायचं. पडदा नजरेत साधारण ३० अंश भरेल असा आकार मिळतो. सिनेमासाठी एवढं किमान हवं. आमचं अंतर १०२ इंच, म्हणजे भागाकार ६४ च्या आसपास. पासष्ट इंची ठरला. गेमवाल्यांना अजून मोठं आवडतं, ते १.२ ने भागतात. त्या हिशेबाने ८५ इंच आले असते आणि देव्हारा हलवावा लागला असता. कागदी कातरकाम वाटेल, पण जुन्या वर्तमानपत्रांचा १४४ × ८१ सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर चिकटवून दोन दिवस तसाच ठेवा. ५५ की ६५ हा वाद घरात तिथेच मिटतो.

त्याच दिवशी आणखी तीन नोंदी केल्या. खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीन ते सहा हॉलमध्ये थेट ऊन. भिंत विटांची नसून सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची. आणि इंटीरियरच्या वेळी भिंतीच्या पाइपमधून दहा मीटरची एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र आणि आवाज नेणारी) टाकून घेतलेली. या तिन्ही नोंदी पुढे उपयोगी पडल्या, तिसरी मात्र उलट्या अर्थाने.

मग टीव्हींची माहितीपत्रकं वाचायला घेतली. गोंधळ इथे सुरू होतो, म्हणून जरा सावकाश.

पीएस ५ फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवू शकतो. त्यासाठी पॅनल, म्हणजे पडदा, मुळातच १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) लागतं आणि एचडीएमआय २.१ चा पूर्ण वेगाचा पोर्ट लागतो. जुन्या २.० ची मर्यादा १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट), त्यात फोर-के फक्त ६० हर्ट्झपर्यंत मावतं. २.१ मध्ये ४८ पर्यंत जाता येतं. पीएस ५ त्यातले ३२ वापरतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स हा दुसरा कन्सोल ४०. खोच अशी की २.१ मधल्या बहुतेक सुविधा नियमानुसार ऐच्छिक आहेत. म्हणून साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीच्या खोक्यावरही 'एचडीएमआय २.१' छापलेलं असतं, आणि आत त्याचा अर्थ एवढाच की गेम सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये (बटण दाबल्यावर चित्र उशिरा येऊ नये म्हणून असलेल्या सेटिंगमध्ये) जातो.

दुसरी खोच '१२०' या आकड्यातच आहे. '१२० एमईएमसी', 'मोशन रेट १२०' असं लिहिलेलं असेल तर पॅनल बहुधा ६० चं असतं, मधली चित्रं सॉफ्टवेअर बनवून घुसवतं. काही स्वस्त टीव्ही तर पीएस ५ ला खरोखर १२० दाखवतात, पण पॅनल ६० चंच असतं. दोन-दोन ओळी एकदम रंगवून वेग दुप्पट करतात आणि उभ्या दिशेचे बारकावे निम्मे होतात. ओळखायची खूण म्हणजे पत्रकात '१२० हर्ट्झ' शेजारी १०८०पी किंवा १४४०पी लिहिलेलं असतं, फोर-के नसतं. मी पत्रकात फक्त एकच ओळ शोधायचो: ३८४० × २१६०, १२० हर्ट्झ, एचडीएमआयमधून. ती नसेल तर पुढचं पान.

पोर्टही मोजून घ्या. बऱ्याच टीव्हींना पोर्ट चार असले तरी पूर्ण वेगाचे दोनच असतात, आणि त्यातला एक ईआर्कचा, म्हणजे साउंडबारचा. एक कन्सोल असेल तर पुरतं. कन्सोल, गेमिंग पीसी आणि साउंडबार अशी तिन्ही असतील तर चारही पोर्ट पूर्ण वेगाचे असलेलाच टीव्ही बघायला हवा. मॉडेलचं नाव एकच असलं तरी आकारानुसार आतलं पॅनल बदलतं, ५५ ला एक आणि ४३ ला भलतंच. म्हणून परीक्षण वाचताना ते कोणत्या इंचाचं आहे हे आधी बघा.

यादीत उरले दोन प्रकार: ओएलईडी आणि मिनी एलईडी. ओएलईडीचा काळा म्हणजे काळाच, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो. अंधारात सिनेमा बघायला त्याला तोड नाही आणि गेममध्ये चित्र फरफटत नाही. मग ते का घेतलं नाही? एक, दुपारचं ऊन. दोन, मराठी वृत्तवाहिन्यांच्या खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो, रोजचे सहा-सात तास, एकाच जागी. ओएलईडीवर त्याचा कायमचा डाग पडायचा धोका असतो, आणि वॉरंटीच्या अटींत हा डाग बहुधा वगळलेला असतो. तीन, जे दुकानात कुणीच सांगत नाही: ओएलईडी काही तास चालला की बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये, स्वतःची पॅनल-साफसफाई करतो. त्यासाठी मागे वीज चालू लागते. आमच्याकडे रात्री झोपताना भिंतीवरची बटणं बंद करायची पद्धत आहे, आणि ती मोडणं टीव्ही बदलण्याहून अवघड. तुमच्या घरी बातम्या कमी आणि पडदे जाड असतील तर उलट निर्णय घ्या, बिनधास्त.

मिनी एलईडीत पडद्यामागे छोट्या दिव्यांचे गट असतात आणि गरजेप्रमाणे ते मंद होतात. उजेड भरपूर, डागाची भीती नाही. दोष असा की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती धुरकट वलय दिसतं. दिव्यांचे गट जितके कमी तितकं वलय मोठं. पॅनल व्हीए जातीचं असेल तर काळा जास्त गडद मिळतो, पण कडेला बसणाऱ्याला रंग फिके दिसतात. आयपीएस जातीत नेमकं याच्या उलट.

२३ ऑगस्टला, शनिवारी, पहिल्या दुकानात गेलो. पेनड्राइव्हवर तीन गोष्टी नेल्या होत्या: काळ्यावर पांढरी सबटायटल असलेली फोर-के क्लिप, सपाट राखाडी चित्र, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतो असं चोवीस फ्रेमचं दृश्य. विक्रेत्याला आधी टीव्ही दुकान मोडमधून घर मोडमध्ये न्यायला सांगितलं, मग चित्र 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर. दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर, वीस ट्यूबलाइटखाली लावलेले असतात. तिथे जो जास्त चमकतो तो चांगला वाटतो.

"सर, हा एकशेवीसचाच आहे, खोक्यावर बघा ना."

खोक्यावर होतं खरं. सेटिंगमध्ये जाऊन पोर्टची माहिती उघडली तर फोर-के ६०. त्याचा दोष नाही, त्यालाही खोकंच वाचून दाखवलेलं.

सबटायटलच्या क्लिपने मात्र काम केलं. तीन मिनी एलईडी शेजारी-शेजारी, तीच क्लिप. एकावर अक्षरांभोवती हाताच्या पंजाएवढा धुरकट डाग, दुसऱ्यावर बोटभर, तिसऱ्यावर अक्षराला चिकटून हलकी कड. दिव्यांच्या गटांचा आकडा पत्रकात क्वचितच असतो, पण ही क्लिप तो सांगून टाकते. राखाडी चित्रावर उभे पट्टे किंवा मळकट ढग दिसतात का तेही बघितलं. क्रिकेटच्या वेळी हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरला की हेच ढग डोळ्यांत खुपतात. तिसऱ्या टीव्हीचा भाव सांगितला ९८,००० रुपये. त्याच आकाराचा ओएलईडी दीड लाखाच्या वर होता.

तेव्हाच घेणार होतो, पण गणपती तोंडावर होते म्हणून राहिलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: ३२ इंचांवरच्या टीव्हींचा कर २८ वरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. थांबलो. यात एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही. ९८,००० ला १२८ ने भागून ११८ ने गुणा, ९०,३४४ येतात, म्हणजे पावणेआठ टक्क्यांची घट. दुकानदार 'दहा टक्के कमी' म्हणाला आणि तुम्ही ८८,२०० धरून गेलात तर विनाकारण भांडण होतं.

२२ ला घटस्थापना होती. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि संगणकात जुनेच भाव. २८ ला, रविवारी सकाळी अकराला परत गेलो. भाव ९०,३००. कार्डावर बँकेची ५,००० ची सूट, म्हणजे ८५,३००. ऑनलाइन बाराशे रुपयांनी स्वस्त मिळत होता, तरी दुकानातूनच घेतला. का ते पुढच्या प्रसंगात येईल. बिलावर तीन गोष्टी तपासा: कर १८ टक्केच लावलाय ना, मॉडेलचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि सिरीयल नंबर. खोक्यावर जुनी एमआरपी असली तरी बिल नव्या दराने व्हायला हवं. सिरीयल नंबर टीव्ही गोदामातून निघाल्यावरच पडतो, त्यामुळे पक्कं बिल नंतर मागून घ्यावं लागतं. मागा, कारण वॉरंटी त्याच्यावर चालते.

सहा महिन्यांचा 'बिनव्याजी' हप्ता घेतला. बिनव्याजी म्हणजे व्याजाइतकी सूट आधी देतात आणि बँक मग व्याज लावते. आमच्या बाबतीत ते साधारण ३,८५० होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६९३, आणि प्रोसेसिंग फी करासकट २३५. एकूण ९२८ रुपये खिशातून. वाईट नाही, पण शून्यही नाही.

१ ऑक्टोबरला संध्याकाळी टेम्पो आला. खोकं साधारण सव्वापाच फूट लांब, लिफ्टमध्ये जाईना. तीन जिने चढवताना एकच गोष्ट सांगायची: उभंच न्या, आडवं झोपवू नका. पॅनल स्वतःच्या वजनानेही चिरतं. दारात बघितलं तर खालचा एक कोपरा दबून आत गेलेला आणि थर्माकोलचा चुरा बाहेर. टेम्पोवरचा पोरगा म्हणाला, "आतून काही होत नाही, ओटीपी द्या." दिला नाही. ओटीपी दिला की माल ठीक मिळाला अशी नोंद होते. मग फुटका निघाला तर कंपनीचा तंत्रज्ञ येणार, फोटो काढणार, अहवाल देणार, तो मंजूर होणार आणि मगच बदली. कोपऱ्याचे आणि लेबलचे फोटो काढले, पावतीवर 'खोकं दबलेलं, न उघडता परत' असं लिहून सही घेतली आणि दुकानाला फोन केला. दसऱ्याचा मुहूर्त हुकला. पण दुकानातून घेतल्यामुळे बोलायला एक माणूस होता. दुसरं खोकं ८ तारखेला आलं, चारही कोपरे शाबूत.

खोकं तुम्ही उघडू नका, कंपनीचा माणूस उघडेल आणि ते उघडताना सलग व्हिडिओ घ्या. तो आला ११ ला. भिंतीवर बसवायचं काम फुकट होतं, ब्रॅकेटचे १,६०० वेगळे. सिपोरेक्स सांगितल्यावर लांब नायलॉन प्लगचे ४०० अजून. सिपोरेक्समध्ये ड्रिल हॅमरवर ठेवायचं नाही, भोक भगदाडासारखं होतं आणि प्लग सैल बसतो. साध्या फिरकीवर भोक पाडून घ्या. विटांच्या भिंतीतले आखूड प्लग इथे नीट वजन धरत नाहीत.

उंचीवरून त्याच्याशी थोडी वादावादी झाली. "आम्ही सगळीकडे पाच फुटांवर सेंटर घेतो, काका." पाच फूट हे उभ्या माणसाच्या डोळ्यांसाठी. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून चाळीसेक इंचांवर येतात, पडद्याचा मध्यही तिथेच हवा. आमचा मध्य ४२ इंचांवर घेतला, म्हणजे खालची कड २६ इंचांवर. खाली १८ इंची कपाट, त्यावर साउंडबार, वर पाच इंच मोकळे. पेन्सिलने रेघ आधीच मारून ठेवली होती. ती नसती तर टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीला गेला असता.

जोडणी. साउंडबार ईआर्कच्या पोर्टमध्ये, पीएस ५ थेट टीव्हीच्या दुसऱ्या पूर्ण वेगाच्या पोर्टमध्ये. पीएस ५ साउंडबारमधून फिरवून आणू नका. बहुतेक साउंडबारचे पोर्ट १८ जीबीपीएसचेच असतात. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल 'स्टँडर्ड'वरून 'एनहान्स्ड' केला. सोनीवर याला 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' म्हणतात, सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'एचडीएमआय डीप कलर'. हे करेपर्यंत पीएस ५ ला १२० दिसतच नाही आणि लोक टीव्ही खराब म्हणून तक्रार करतात. पीएस ५ मध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ या भागात व्हिडिओ आउटपुटच्या माहितीचं पान आहे. टीव्ही काय घेऊ शकतो आणि आत्ता प्रत्यक्ष काय जातंय, दोन्ही तिथे दिसतं.

यादीत १२० आलं. पण १२० चा गेम उघडला की पडदा काळा, चार सेकंदांनी चित्र, मधूनच पांढरे ठिपके, परत काळा. दोषी भिंतीतली दहा मीटरची केबल. जुन्या केबलला १८ च्या वरचा वेग झेपत नाही, आणि तांब्याच्या केबलमध्ये लांबी वाढली की सिग्नल खचतो. पीएस ५ च्या खोक्यात येते ती आखूड केबल लावली, पहिल्याच झटक्यात १२० स्थिर. वेगळी घ्यायचीच असेल तर दोन-तीन मीटरची आणि खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड' चं क्यूआर असलेलं लेबल असलेली घ्या. सोन्याचा मुलामा वगैरे सोडा.

गेम मोड किती फरक करतो हे फोनच्या स्लो मोशनने मोजता येतं. सेकंदाला २४० फ्रेमवर बटण दाबणारा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्यायचा आणि फ्रेम मोजायच्या. प्रत्येक फ्रेम म्हणजे सुमारे चार मिलीसेकंद. गेम मोड बंद आणि चालू यात आमच्याकडे २२ फ्रेमचा फरक निघाला, नव्वदेक मिलीसेकंद. कार वळणाच्या पुढे निघून जायला तेवढे पुरे.

एचडीआरची (उजेड आणि काळोखातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राची) जुळणी पीएस ५ च्या सेटिंगमध्ये तीन पडद्यांची आहे. त्याआधी टीव्हीचं टोन मॅपिंग (टीव्हीने स्वतः उजेड जुळवून घेणं) 'एचजीआयजी'वर, म्हणजे ते काम कन्सोलवर सोडणाऱ्या सेटिंगवर, न्या किंवा बंद करा, नाहीतर दोघेही तेच काम करतात आणि ढग पांढरेफटक होतात. पहिल्या दोन पडद्यांवर खूण जेमतेम दिसेनाशी होईल तिथे थांबायचं, तिसरा अगदी तळाला.

सिनेमा पीएस ५ वरून बघू नका, टीव्हीच्याच ॲपवरून बघा. पीएस ५ डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा एक प्रकार) देत नाही. सॅमसंगचे टीव्हीही देत नाहीत, ते एचडीआर१०+ या दुसऱ्या प्रकारावर आहेत. हे घेण्याआधीच माहीत असावं. नेटफ्लिक्सचं फोर-के प्रीमियम प्लॅनवरच येतं (२०२५ मध्ये तो महिना ६४९ रुपयांचा होता) आणि त्याला १५ एमबीपीएस पुरतात. मोड फिल्ममेकर, शार्पनेस खाली, रंगाचं तापमान 'वॉर्म', ऊर्जाबचत बंद. ऊर्जाबचत चालू राहिली तर डॉल्बी व्हिजनचे रात्रीचे प्रसंग काळोखात बुडतात आणि दोष टीव्हीला मिळतो. सिनेमा चोवीस फ्रेमचा असतो. १२० च्या पॅनलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते, म्हणून कॅमेरा आडवा फिरताना अडखळत नाही. ६० च्या पॅनलवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी लंगडी चाल पडते. १२० हर्ट्झचे पैसे सिनेमालाही कामी येतात ते असे.

सर्ज प्रोटेक्शनचा स्पाइक गार्ड १,१५० ला घेतला. स्टॅबिलायझर नाही, टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतो. सगळं मिळून ८९,३७८ रुपये. खोकं महिनाभर गच्चीच्या जिन्याखाली ठेवलंय; टीव्ही बदलून घ्यायची वेळ आली तर तो मूळ खोक्यातच मागतात.

राहिली मोशन स्मूदिंगची गोष्ट, म्हणजे टीव्हीने मधली चित्रं स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करण्याची. सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, म्हणून ॲप आणि पीएस ५ वर पूर्ण बंद. पण ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी लक्षात राहते, आणि डीटीएचच्या इनपुटवर ती बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, खालची बातम्यांची पट्टी अशी धक्के खात का जाते. तिथे परत चालू करून दिली.